एकवीस गोळ्या

सकाळी पावणेआठला वहिनींचा फोन आला. “भाऊजी, ह्यांचा उजवा हात उचलत नाहीये. बोलतायत, पण शब्द कळत नाहीत... अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय, तुम्ही थेट दवाखान्यात या.” मेंदूत रक्तस्राव झाला होता. चौथ्या दिवशी दादा गेला. वय एकाहत्तर. याला आता सहा आठवडे झाले.

माझा हा थोरला भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होता. दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत उतरवायचे आणि दाब वाढला तरच हात घालायचा, अशी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर नाशिकरोडच्या घरात रक्तदाबाचं यंत्र आलं, तेव्हा त्यानं तशीच वही आखली. वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, शेरा. गोळी सुरू होऊन आकडे उतरले की शेऱ्यात ‘सामान्य’ लिहायचा आणि गोळी बंद करायचा. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, “काका, गोळी घेताय म्हणून आकडा जागेवर आहे.” दादा हसला. “साहेब, काटा जागेवर असताना झडप उघडणारा माणूस आम्ही ड्युटीवर ठेवत नसू.” मीही हसलो होतो. मी वार्ताहर; बातमीत असा हजरजबाबीपणा चौकटीत टाकला असता... तेव्हा हसायला नको होतं.

दशक्रियेला सायखेड्याचे मामा वहिनींजवळ बसले. “येळ आली व्हती गं त्याची. मानसाच्या हातात काय हाय?” वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, “मामा, पाकिटात एकवीस गोळ्या उरल्या होत्या. त्या ह्यांच्याच हातात होत्या.” गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, असं नंतर मला दोघांनी सुचवलं. मी ते वहिनींना सांगितलं नाही, आणि इथेही ‘काळाने घाला घातला’ असं लिहिणार नाही.

यंत्र आणि वही टीव्हीशेजारी होती तिथेच आहेत. गेल्या रविवारी दादाचे बॉयलरवरचे सोबती नाना भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, “माझीपण बीपीची गोळी होती वहिनी. आता बरं वाटतंय, सोडली.”

वहिनी उठल्या. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. “वाचा.”

नानांनी चष्मा लावला. “एकशे अठ्ठावीस, ऐंशी. सामान्य. गोळीची गरज नाही.”

“पुढे?”

त्यांनी पान उलटलं. मागे फक्त आखलेल्या रेघा होत्या. “पुढे काही नाही.”

“हं. ह्यांनी पुढे तीन आठवडे मोजलंसुद्धा नाही,” वहिनी म्हणाल्या आणि यंत्राचा पट्टा सोडवू लागल्या. “बाही वर करा, नाना. चहा नंतर.”

नानांनी बाही वर केली. आकडा आला तो वहिनींनी त्याच वहीत, दादाच्या ओळीखाली लिहिला. शेऱ्याचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला.