आधी विरुद्ध बाजू विचारायची

गुरुवार, १३ मार्च. सकाळपासून उकाडा. दुकानात पांढऱ्या रंगाचे डबे आले. दोन गळके निघाले, परत पाठवले. थोरली सून भावाकडे गेली आहे, रविवारी येईल. धाकटी कॉलेजच्या मदत केंद्रातून उशिरा आली. चेहरा उतरलेला. विचारले तर म्हणाली, काही नाही. थोरल्याने बाजारातून मोठे पितळी कुलूप आणले. कशाला, ते सांगितले नाही.

सासूबाईंनी ही नोंद चहानंतर, दिवेलागणीच्या आधी लिहिली. धाकटीचा चेहरा का उतरला होता, हे त्या घरात धाकटीखेरीज कुणालाच माहीत नव्हते. आणि ते तिने कुणाला सांगायचे नव्हते.

धाकटी म्हणजे घरची धाकटी सून. पाण्याच्या टाकीसमोर त्यांचे रंगाचे दुकान. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दुकानात छटा मिसळायला बसायची. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा आणून दाखवला तरी तिने भिंतीला हुबेहूब तोच रंग काढून द्यावा, असा तिचा हात. मुलगी वसतिगृहात राहायला गेली आणि चाळिशीला टेकलेल्या या बाईने संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गात नाव घातले. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं लोकांच्या भिंतींना रंग लावलास, आता माणसांना चुना लावायला शिकणार!" आणि स्वतःच्याच विनोदावर आठवडाभर हसला.

कायदा शिकायचा म्हणजे कलमे घोकायची, असे घरात सगळ्यांना वाटायचे. तिलाही वाटायचे. पहिल्याच वर्षी करार शिकताना तिला कळले की काउंटरवरून डबा पुढे सरकवणे आणि समोरच्याने पैसे ठेवणे हासुद्धा करारच. म्हणजे जन्मभर आपण करारच करत बसलो होतो. मग राज्यघटना, कुटुंबाचे कायदे, गुन्हे, शेजाऱ्याच्या गळक्या टाकीने आपली भिंत खराब झाली तर भरपाई कुणी द्यायची तो विषय. पुरावा शिकली, तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगता त्यातलं निम्मं ऐकीव असतं, ते धरता येत नाही." नुसत्या सरावासाठी भरवलेल्या कोर्टात चिठ्ठी टाकून बाजू मिळायची. तिला एकदा घरमालकाची बाजू आली, एकदा भाडेकरूची. दोन्ही वेळा ती तितक्याच तावाने भांडली आणि दोन्ही वेळा घरी येऊन तिचे डोके दुखले.

पुस्तके इंग्रजी. धाकटी मराठी शाळेतली, सासूबाई नन्सच्या हाताखाली कॉन्व्हेंटात शिकलेल्या. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रोज एक तास बसायचा असे ठरले. सासूबाई चष्मा लावून मोठ्याने वाचायच्या, स्वल्पविरामाला अगदी स्वल्पच थांबायच्या. धाकटी भाजी चिरत मराठीत उत्तरे द्यायची.

"ताबा आणि मालकी यांत फरक काय?"

"मालकी कागदावर, ताबा हातात."

"मोघम. पुन्हा सांग."

मग ती पुन्हा सांगायची. असे करत करत शेवटचे वर्ष आले. या वर्षी काही विषय पुस्तकात कमी आणि हाताने करण्यात जास्त. दाव्याचे मसुदे लिहायचे, वकिलाने कसे वागावे ते शिकायचे आणि आठवड्यातून एकदा कॉलेजच्या मदत केंद्रात बसायचे. ज्यांना वकील परवडत नाही असे लोक तिथे यायचे. विद्यार्थ्याने ऐकायचे, टिपून घ्यायचे, सल्ला द्यायचा नाही; पुढचे केंद्र चालवणाऱ्या मॅडम बघणार. मॅडमनी पहिल्या दिवशी बजावले होते, "कोणीही खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न, तक्रार कुणाविरुद्ध? आधी विरुद्ध बाजू विचारायची, मग गोष्ट ऐकायची. उलटं केलंत तर फसाल."

त्या गुरुवारी धाकटीने उलटे केले.

शिवणकाम करणारी एक बाई आली. गळ्यातली माप घ्यायची पट्टी काढायची राहून गेलेली. "ताई, बसू ना?" म्हणून बसली आणि जी सुरू झाली ती दोरा तुटल्याशिवाय थांबेना. तिचे डोळे भरलेले पाहून धाकटीला मध्ये तोंड घालवेना.

"खोली सासूनं घेतलेली, भाड्यानं. सासू गेली, मग आमचे हे गेले. माझ्या नावाचं म्हणाल तर एक चिटोरंसुद्धा नाही. मशीन आहे, खाट आहे, मी आहे. मी तिथं आहे तोवर खोली आहे. आता मालक म्हणतात, नीघ. गेल्या आठवड्यात नळ तोडला. त्यांचा माणूस रोज फेरी मारतो, मी कधी हलते ते बघायला."

"आणि तुम्ही कुठं जाणार आहात का?"

"तेच तर! उद्या पहाटे. लेकीचं बाळंतपण आहे, चार दिवस तरी जायलाच हवं. शेजारणीलाही बोलले नाही. माझी पाठ वळली की त्यांचं कुलूप लागलंच समजा. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, इथं मी राहत होते?"

"मालक कोण?"

"ते हो, टाकीसमोरचं रंगाचं दुकान. त्यांचा थोरला बघतो सगळं."

धाकटीचे पेन थांबले. गोदामामागे भाड्याच्या खोल्या आहेत, एवढेच तिला माहीत होते; तो कारभार थोरल्या भाऊजींचा. तिने पेनाचे टोपण लावले. "बाई, थांबा. पुढं काही सांगू नका."

"का हो? माझं काही चुकलं?"

"तुमचं नाही. माझं."

धाकटीने मॅडमना बोलावून आणले. त्यांनी बाईला स्पष्ट सांगितले, ही त्याच घरातली सून आहे, आता तुमचे काम दुसरी विद्यार्थिनी बघेल, अर्ज सोमवारी कोर्टात जाईल. बाई धाकटीकडे बघतच राहिली.

"मग गेलंच की सगळं," ती म्हणाली.

"काही गेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही इथं बोललात ते इथंच राहणार."

बाईने मॅडमकडे पाहिलेच नाही. "ताई, ठेवाल तुम्ही पोटात?"

धाकटीने होकाराची मान हलवली.

बाई गेल्यावर मॅडमनी तिला दाराशी गाठले. "घरी विचारतील. आली होती म्हणायचं नाही, नव्हती आली असंही नाही. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही."

"मॅडम, घरात हे जमायचं कसं?"

"परीक्षेत या प्रश्नाला पाच गुण आहेत. घरात किती असतात, मला माहीत नाही."

रात्रीच्या जेवणाला घरात चौघेच होते. पितळी कुलूप भाऊजींच्या ताटाशेजारी होते. त्यांनी किल्ली घालून ते उघडले, खटकन मिटले, पुन्हा उघडले. धाकटी वाढत होती.

"आज तुमच्या केंद्रात कोण कोण आलं होतं?" भाऊजींनी विचारले.

"असतात रोजचे लोक."

"गोदामामागची शिवणकामवाली?"

"भाऊजी, तिथं कोण येतं, कोण नाही, ते आम्हांला सांगता येत नाही."

"म्हणजे आली होती."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणजे नव्हती आली?"

"तसंही म्हटलं नाही."

नवरा खुशीत आला. "दादा, तू टाक कितीही बॉल. ही एकालाही बॅट लावणार नाही."

"तू गप रे. आपल्या माणसानं तिला कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडताना बघितलंय." भाऊजींनी कुलूप बाजूला सरकवले. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर धाकटीला सोपे गेले असते. "हे बघ, मला दोनच गोष्टी हव्यात. तिच्याकडे कागद आहे का? आणि ती खोली सोडून कधी हलते? बाकी तुझं शिक्षण तुला लखलाभ. एका शब्दाचं काम आहे."

नेमक्या याच दोन गोष्टी तिच्या पोटात होत्या. तिने भाताचे भांडे टेबलावर ठेवले.

"मला नाही सांगता येणार."

"या घरात राहायचं आणि बाहेरच्यांची बाजू धरायची? हे शिकवतात तिथं?"

"मी कुणाचीच बाजू धरलेली नाही."

आता नवऱ्याचेही हसू मावळले. तो खाली बघत हळूच म्हणाला, "अगं, सांगून टाक ना. घरातल्या घरात आहे. कुणाला कळणार आहे?"

हे तिला जास्त लागले. "तिला कळेल," असे अगदी ओठावर आले होते. "तिला" म्हटले असते तर संपलेच होते. आली होती हे सिद्ध झाले असते. तिने पाण्याचा घोट घेतला. पहाटेला एकच रात्र उरली होती आणि कुलूप टेबलावर होते. गप्प राहून आपण वचन पाळू, पण गप्प राहून ती खोली वाचेल का? यांचा माणूस उद्याही फेरी मारणारच. दाराला बाईचे साधे कुलूप दिसले की त्याला वेगळे सांगायला कोण लागते?

ती खुर्ची ओढून बसली.

"भाऊजी, कोण आलं, ते सोडा. तुम्ही कुलूप कशाला आणलंत, तेही मी विचारत नाही. पुस्तकात आहे तेवढं सांगते, ते कुणालाही सांगता येतं. कोर्टाच्या हुकमाशिवाय राहत्या जागेतून कुणालाही बाहेर काढलं, तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो. तिथं मालक कोण, हे कोर्ट विचारत नाही. तिथं राहत कोण होतं आणि त्याला काढलं कसं, एवढंच बघतं आणि जागा परत देतं. मग त्याच्याकडे..."

ती थांबली. पुढचे शब्द तिला पाठ होते. मग त्याच्याकडे कागद असो वा नसो. पण आज ते शब्द तिच्या तोंडून निघाले, की त्यांचा अर्थ एकच होणार होता: बाईकडे कागद नाही.

"त्याच्याकडे काय?" भाऊजी पुढे झुकले. "बोल की. थांबलीस का?"

ती जितकी गप्प राहत होती तितके भाऊजींचे डोळे बारीक होत होते.

"त्याच्याकडे कागद असो वा नसो," सासूबाई म्हणाल्या. त्या मघापासून शांतपणे जेवत होत्या. "असंच आहे ना गं पुस्तकात? मंगळवारी मीच वाचून दाखवलं. तेव्हाही तू नेमकी इथंच अडखळलीस. परीक्षेत काय करणार आहेस, देव जाणे."

मंगळवारी धाकटी कुठेही अडखळली नव्हती. सगळे उत्तर तिने गाजरे चिरता चिरता एका दमात म्हटले होते आणि सासूबाईंनी, क्वचितच म्हणतात तसे, "छान" म्हटले होते. तिने सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई ताटाकडे बघत होत्या.

भाऊजी मागे टेकले.

"आणि असा दावा झाला, तर कुणावर होतो?" सासूबाईंनी विचारले. वाचनाच्या तासाला विचारायच्या तोच स्वर.

"ज्यानं काढलं त्याच्यावर. आणि मालकाला सहसा वगळत नाहीत. जागा ज्यांच्या नावावर, त्यांचंही नाव येणार."

"म्हणजे माझं."

"आई, तू यात पडू नकोस," भाऊजी म्हणाले.

"मी कुठं पडते? तू मला पाडतो आहेस. या वयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून मी काय सांगू, माझ्या मुलानं एका बाईचा संसार रस्त्यावर ठेवला तेव्हा मी घरात भात जेवत होते?"

"रस्त्यावर कोण ठेवतंय? आपली खोली आहे, आपल्याला हवी आहे!"

"हवी असेल तर सरळ जा. नोटीस दे, वकील कर, दावा लाव. कोर्टानं दिली तर मानानं घे, मी सही करीन. पण माझ्या नावाच्या खोलीला माझ्या परवानगीशिवाय कुलूप लागणार नाही. इकडे दे ते. किल्ल्यासुद्धा."

भाऊजींनी किल्ल्यांचा जुडगा कुलपावर आपटला आणि ते उठले. ताटातले अन्न तसेच होते. दाराशी जाऊन ते वळले. आईला ते काही बोलू शकत नव्हते, म्हणून धाकटीला बोलले.

"उद्यापासून दुकानात पाऊल ठेवायचं नाही. रंग मिसळायला मला छप्पन्न माणसं मिळतील."

जिन्यावर त्यांची पावले वाजली, वरचे दार लागले. नवरा भाताची शिते बोटाने गोळा करत बसला. "उद्या त्या शाळेच्या हिरव्याची ऑर्डर आहे," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाला जमायचा नाही तो."

"मग त्यांना दुसरा हिरवा चालतो का विचारा," धाकटी म्हणाली. आवाज ताठ ठेवला होता. वीस वर्षे ती त्या काउंटरवर बसली होती. दुकान उघडल्यावर डब्याचे पहिले झाकण निघते तेव्हाचा वास तिला आवडायचा, हे तिने कधी कुणाला सांगितले नव्हते.

ती भांडी घासायला लागली. सासूबाई मागून येऊन कोरड्या फडक्याने एकेक पुसू लागल्या.

"आई," धाकटी म्हणाली, "मंगळवारी मी..."

"काही सांगू नकोस. मी विचारलेलं नाही." त्यांनी ताट उजेडात धरून पाहिले आणि परत तिच्या हातात दिले. "याला साबण राहिलाय."

मग त्या आपल्या खोलीत गेल्या, कुलूप कपाटात टाकले आणि टेबलावरची डायरी उघडली. गुरुवारच्या नोंदीखाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी लिहिले:

थोरला न जेवता उठला. भात उरला, झाकून ठेवला.