सुमतीताई किती वेळा गेल्या

सकाळचे साडेनऊ. कर्जतच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या स्टुडिओतला दिवाणखान्याचा सेट. सुमती ठोंबरे मेकअप करून, जरीची साडी नेसून आत आल्या आणि समोरच्या भिंतीवर त्यांना स्वतःचा फोटो दिसला. फोटोला चंदनाचा हार. खाली उदबत्ती.

असिस्टंट डायरेक्टर जवळच उभा होता.

"हे काय रं?" ताईंनी विचारलं.

"तुम्हाला कळवलं नाही कोणी? तुम्ही गेलात, ताई."

"कधी?"

"कालच्या आणि आजच्या एपिसोडच्या मधे."

"कशानं?"

"ते अजून लेखकाचं ठरलं नाही."

मेकअपवाल्यालाही कोणी कळवलं नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं मन लावून तासभर मेकअप केला होता.

मी त्या दिवशी दुसऱ्याच बातमीसाठी स्टुडिओत गेलो होतो. कर्जत-खालापूरच्या बातम्या देण्यात माझी हयात गेली. जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. जे छापून येत नाही ते कुठेच जात नाही, आपल्यापाशीच साठत राहतं. सुमतीताईंचं माझ्याकडे असं बरंच साठलं आहे. संपादकांना सांगितलं की ते म्हणायचे, "मनोरंजनाच्या पुरवणीला दे." पुरवणीवाले म्हणायचे, "यात मनोरंजन कुठं आहे?"

खरंय. नाहीच आहे.

* * *

ताई मूळच्या कडावच्या. भातशेती, दोन म्हशी, घरात नाटकाचा गंधही नाही. गावच्या जत्रेत नाटक व्हायचं. त्यात पुरुष गावातले आणि नटी बाहेरून ठरवून आणलेली. एका वर्षी नटी आलीच नाही. विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायला सुमती होती, तिला सगळं नाटक पाठ. तिलाच नऊवारी नेसवून उभं केलं.

पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि पुढच्या रांगेतून वडील उठले.

"सुमे, उतर खाली."

सुमती पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "बाबा, अजून दोन अंक हायेत. खाली बसा, मागच्यांना दिसत नाय."

वडील बसले. पण दुसऱ्या दिवशी खालापूरकडची मंडळी आली आणि सुमतीचं ठरलेलं लग्न मोडून गेली. का, तर ती चारचौघांत दुसऱ्याची बायको म्हणून उभी राहिली.

नाटकात तिचा नवरा झाला होता तो या नवऱ्यामुलाचा सख्खा मामा. लग्न मोडायच्या बैठकीत तोही होता. मधोमध मांडी घालून चहा पीत होता. त्याला कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

ताई हे सांगताना हसतात. मला अजूनही हसू येत नाही.

* * *

पुढे त्या व्यावसायिक नाटकात गेल्या. खोपोलीतल्या एका प्रयोगाला मी हजर होतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका जिन्यावरून खाली येते आणि कोसळते, असा प्रसंग. जिना भाड्याचा, त्या दिवशी घाईत ठोकलेला. वरून तिसरी पायरी निघाली. ताई खऱ्याच कोसळल्या. प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट.

मी आत धावलो. उजवं मनगट सुजून भाकरीएवढं झालं होतं. ताई म्हणाल्या, "भाऊ, ओढणी बांध घट्ट. तिसरा अंक बसून करीन." आणि केला. घरी बसलेली नटी दुसऱ्या दिवशी लोकांना आठवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काम हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मभर धरून ठेवली.

प्रयोग संपल्यावर निर्माते आत आले. मला वाटलं, डॉक्टरांचं विचारतील.

"ताई, आजचं पडणं काय झालंय म्हणून सांगू," ते म्हणाले. "पनवेलला पण अगदी असंच ठेवा."

* * *

मग मालिका आली. त्यात ताई खाष्ट सासू. सुनेच्या दुधात रोज काहीतरी कालवणारी. मालिका गाजली आणि ताईंना रस्त्यानं चालणं अवघड झालं. शिव्या, टोमणे, भाजीवालीचं तोंड फिरवणं, हे सगळं नटीला अपेक्षितच असतं. पण दहिवलीत जे झालं ते मी शेजारी उभा राहून ऐकलं.

एक चांगली घरंदाज बाई ताईंना बाजूला घेऊन गेली. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, दुधात काय टाकता वो तुमी? नाव सांगा ना."

ताईंना कळेना. "साखर असते गं बाय ती. पिठीसाखर."

"नाय, ते शूटिंगचं झालं. खरं काय टाकायचं?"

मी मधे पडलो. "बाई, तुमच्या घरात सून आहे का?"

"हाय ना," ती म्हणाली. "तिच्यासाठीच विचारते."

मी तिथून थेट पोलीस चौकीत गेलो आणि सगळं सांगितलं. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मालिका मी पण बघतो," ते म्हणाले. "पण सून लई त्रास देते हो त्यांना."

पुढे मीच दोनदा त्या घरावरून चक्कर मारली. सून अंगणात धुणं वाळत घालत होती. एवढंच मला सांगता येईल.

* * *

तर अशा या सासूला लेखकानं मारलं. एपिसोड दाखवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कडावच्या नाक्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. वर ताईंचा हसरा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली मंडळाच्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो. नाव मालिकेतल्या सासूचं. पण नाव वाचतो कोण? फोटो बघूनच रसायनीची त्यांची भाची रडत रिक्षातून उतरली. ताईंनी स्वतः दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्यातच बसली.

ताई मला घेऊन फ्लेक्सवाल्या हमीदभाईंच्या दुकानात गेल्या. हमीदभाई आमचे जुने ओळखीचे, सरळ माणूस. ताईंना बघून त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

"हमीदभाई, माणूस जिवंत हाय का, एवढं तरी विचारायचं."

"ताई, अल्लाची शपथ, मी विचारलं. पोरं म्हणाली, सासू गेली. मला वाटलं, कोणाची तरी सासू गेली."

"आणि फोटो बघितला नाय?"

"बघितला ना. म्हणून तर रंग चांगला मारला."

ताई हसत सुटल्या. मी मात्र मंडळाच्या अध्यक्षाला गाठलं आणि फ्लेक्स ताबडतोब उतरवायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तेराव्यापर्यंत राहू द्या की. आमचे फोटो बरे आलेत."

हसून झाल्यावर घरी ताईंनी चहा टाकला. म्हणाल्या, "भाऊ, लोकांनी मला मेली म्हणलं त्याचं काय नाय. उद्या निर्माते पण तसंच धरतील. मग काम कोण देईल?"

* * *

आठवड्याभरात प्रॉडक्शनचा फोन आला. लेखकाचं ठरलं होतं: सासू झोपेत गेली. आता चॅनेलला अंत्यसंस्कार हवे होते. ताईंनी प्रेताचा सीन करून दिला, तर पुढच्या महिन्यात सासूची जुळी बहीण म्हणून त्यांना परत आणणार. ताईंनी एका वाक्यात होकार दिला.

शूटिंग उल्हास नदीच्या काठावर होतं, सकाळी अकराच्या सुमारास. मी ताईंच्या सोबतीला गेलो होतो. योजना साधी होती. आधी ताई चितेवर झोपणार, चेहऱ्याचे शॉट होणार, कट म्हणणार, ताई उतरणार, त्यांच्या जागी कापडाचा पुतळा ठेवणार आणि मगच मुलगा झालेला नट अग्नी देणार. डायरेक्टर लांब छत्रीखाली मॉनिटरपाशी होते. चिता खाली नदीपाशी. मधे सगळं काम वॉकीटॉकीवर, नटाच्याही कानात तिचं बारीक बटण.

ताई झोपल्या. अंगावर लाकडं रचली. चेहऱ्याचे शॉट झाले. मी बांधावर उभा होतो. मग तो नट टेंभा घेऊन पुढे आला, चितेला प्रदक्षिणा घातली आणि पायाकडून अग्नी दिला. मला वाटलं, पुतळा ठेवलेला दिसतोय. मागे वळून पाहिलं, तर पुतळा टेंपोतच होता.

मी ओरडत धावलो. त्याच वेळी त्या नटाला पाय हललेला दिसला. त्यानं टेंभा फेकला आणि हातांनी लाकडं बाजूला सारली. साडीचा काठ पेटला होता. ताईंना ओढून काढून आम्ही दोघांनी त्यांना पाण्यात बसवलं. डाव्या पायाची पोटरी भाजली होती.

"ताई, धग लागली तेव्हाच उठायचं ना," मी म्हणालो.

"कट कुठं म्हणलं कोणी?" त्या म्हणाल्या. "प्रेत उठलं असतं तर शॉट गेला असता. जुळी बहीण पण गेली असती."

तो तरुण नट वाळूत बसून रडत होता. म्हणाला, "माझ्या कानातल्या वॉकीवर स्पष्ट ऐकलं मी. 'ताई उतरल्या, लाव.'"

मी डायरेक्टरला विचारलं. ते म्हणाले, मी कट म्हटलंच नव्हतं, मग लाव कसं म्हणेन? असिस्टंट म्हणाला, माझा वॉकी चार्जिंगला होता. कॅमेरामन म्हणाला, मी कॅमेऱ्याशिवाय काही ऐकत नाही. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, आवाज बाईचा होता की पुरुषाचा, ते आधी त्या मुलाला विचारा. मुलगा म्हणाला, ओळखीचा होता.

मी तक्रार लिहून दिली. चौकशी चालू आहे, असं मला सांगण्यात आलं. जुळी बहीण मालिकेत आली, पण ती दुसरीच नटी होती. ताईंचा पाय लंगडतो, कॅमेऱ्यात दिसेल, असं त्यांना कळवलं.

तो शॉट मात्र मालिकेत दाखवला गेला. सबंध. पेटलेला काठही त्यात दिसतो.

त्या सकाळी नदीकाठी वॉकीवरून कोण बोललं, ते आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.