पेस्ट, टूथपेस्ट आणि सरांचा चुना

शिकलेल्या माणसाच्या मूर्खपणाला तोड नसते, हे मी अकोल्यात शिकलो. मी स्वतः नववीतच शाळा सोडलेला. पऱ्हाटीच्या कापसानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिला, गावातले हात शहराकडं पांगले. मी अचलपूरकडचा, अकोल्यात एका चाचांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टिकलो. चाचांनी हातात पेचकस दिला, झोपायला दुकानावरचा माळा दिला. हे सुटलं तर गावी काय तोंड घेऊन जायचं, या धास्तीनं मी एकेक स्क्रू दोनदा तपासायचो.

प्रोसेसर आणि त्याच्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा यांच्या मधात ज्वारीच्या दाण्याएवढी राखाडी पेस्ट लावतात. उष्णता वर चढावी म्हणून. एवढीशी गोष्ट. पण मे महिना अकोल्याचा, मशीनं तापून बंद पडायची, आणि घराघरात अक्कल उतू चाललेली. कोणी व्हॅसलिन फासलं, ते वितळून बोर्डावर उतरलं. कोणी साजूक तूप घातलं, त्या मशीनला मुंग्या लागल्या. टूथपेस्टवाले सगळ्यांत शहाणे. चाचांच्या सांगण्यावरून मी एका भंगार मशीनवर ती लावून पाहिली: पहिल्या दिवशी आपल्या पेस्टच्या तोडीस तोड, आठवड्यात वाळून खपली. हे सांगितलं की गिऱ्हाईक पहिल्या दिवसाचं तेवढं ऐकायचं.

एक क्लासवाले सर मात्र या सगळ्यांचे बाप. अमरावतीची पदवी फ्रेम करून भिंतीला टांगलेली, गालात तंबाखू. त्यांच्या मशीनला मी पेस्ट लावून दिली होती. आठ दिवसांत ते बंद पडलं, म्हणून चाचांना आणि मला बोलावणं आलं.

"चाचा, हा पोट्टा नववी फेल," सर भरल्या वर्गात म्हणाले. "याले काय समजते? मशीन जाळलं यानं. याले काढा, नाही तर माह्या क्लासचं काम दुसऱ्याले देतो."

मी फेल नव्हतो. शाळा मीच सोडली होती.

"खोल," चाचा मला म्हणाले.

खोललं. राखाडी पेस्टचा पत्ता नाही. पांढरी कडक खपली, आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम खाल्ल्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं. चाचांनी नखानं तुकडा काढला, ओल्या बोटांत चोळला.

"हा तर खायचा चुना आहे. कोनं लावला?"

सर जराही कचरले नाहीत. "मीच लावला. याची पेस्ट काय कामाची? उन्हाळ्यात छपराले चुना मारता का नाही तुमी? घर थंड राह्यते का नाही? सायन्स आहे ते!"

छपरावरचा चुना वरचं ऊन परतवतो. इथं ऊन आतून निघत होतं, एवढंही त्या फ्रेमला कळत नव्हतं.

"सर, आता कात बी लावून टाका!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हशानं फुटला.

सरांचे कान लाल झाले, पण हेका तोच. "ते काही बी असो. पह्यले यानंच खोललं होतं. याले काढा."

चाचांनी पेचकस पिशवीत टाकला. "काम दुसऱ्याले द्या, सर. पोरगा राहीन."

क्लासचा जिना उतरताना ते माझ्यावरच खेकसले, "तुले तोंड नाही का बे? काहून गप उभा होता?"

भरून आलं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी दोन पायऱ्या मागंच राहिलो.

"उद्या सकायची अमरावतीची गाडी पकड," ते वळूनही न पाहता म्हणाले. "दोन मशीन पाहाची आहेत. एकटाच जा."