उजवा कौल

मी गणिताचा मास्तर. रत्नागिरीत एकाच शाळेत वीस वर्षं नववी-दहावीला भूमिती शिकवली आणि देवाचे कौल, गाऱ्हाणी यांची स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल केली. त्यामुळे त्या एप्रिलमध्ये मी घरी म्हणालो, की लेकीनं पुण्याला शिकायला जावं का, ते आपण गावच्या देवाला विचारू, तेव्हा बायको माझ्याकडे बघतच राहिली. बरं वाटत नाहीये का, असंही तिनं विचारलं.

लेक तेव्हा आठवीत. पुण्यातल्या एका शाळेनं परीक्षा घेऊन तिला गणितात वेगळी गती असलेल्या मुलांच्या तुकडीत जागा देऊ केली होती. हो की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. बायको बँकेत, तिची बदली होण्यासारखी होती. अडचण माझी. माझी शाळा खाजगी, तिथं बदली कसली? नोकरी सोडून पुण्यात कुणाच्या तरी क्लासमध्ये शिकवायला लागलं असतं. इथं मासळी घ्यायला गेलो तरी 'सर, या' म्हणून पुढे घेतात. तिथं मला कुत्रं विचारणार नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. त्याच वर्षी दहावीचं एक उदाहरण मी पानभर सोडवलं होतं. कार्टीनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि तीन ओळींत सोडवून दाखवलं. ती रीत मला सुचली नव्हती, जन्मात सुचली नसती. शाबास म्हणायचं सोडून मी म्हणालो, परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क मिळायचे नाहीत. तिनं वही मिटली. त्यानंतर ती मला काही दाखवायला आली नाही.

तर कौल. आमचं गाव हातखंब्याच्या पलीकडे. मी मोटारसायकलवर एकटाच गेलो. गुरवानं देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. उजवी आधी पडली तर जावं, डावी पडली तर राहावं. मी हात जोडून मनात डावीची विनवणी करत होतो. एरवी अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवणारा देव, पण त्या दिवशी गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी खाली! माझ्यापेक्षा गुरवालाच जास्त आनंद झाला.

घरी येऊन चपला काढता काढता मी म्हणालो, "डावा दिला."

बायको ओट्याशी होती. तिनं गॅस बंद केला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि परत लावला. देवापुढे ती वाद घालायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर देवाला मध्ये घातला होता. लेक नुसतं 'बरं' म्हणाली. मला चक्क हायसं वाटलं. लाज वाटायला पुढचा आठवडा उजाडावा लागला.

गुरव काही कामासाठी रत्नागिरीत आला होता, तो प्रसाद घेऊन दुपारी घरी आला. बायको बँकेत होती. मी आतल्या खोलीत नववीचे पेपर तपासत होतो. दार लेकीनं उघडलं.

"काय गो, तुमची बांधाबांध दिसत नाय ती?" गुरव म्हणाला. "देवानं उजवा कौल दिलान, माझ्या डोळ्यांसमोर."

माझं लाल पेन थांबलं. उठून बाहेर जायला दहा पावलं पुरली असती. मी उठलो नाही. मग लेकीचा आवाज आला, अगदी सरळ.

"मलाच जायचं नाही, काका. मी रडून गोंधळ घातला, म्हणून बाबा थांबले."

गुरवानं तिची समजूत घालायचा बराच प्रयत्न केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, वाटेला लावलं. मग आत आली आणि प्रसादाचा नारळ टेबलावर ठेवला. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, हे तिचे उपकारच.

"बाबा, आईला सांगू नका," म्हणाली. "तिला फार लागेल."

मुदत संपायला अजून चार दिवस होते. बायकोनं पुण्याला नकार कळवला नव्हता, तिचं मनच होत नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली, मी तिच्यासाठी चहा टाकला आणि गप्प बसलो. चारही दिवस गप्प बसलो.