चुका सांगायला गेलेला दीर

माझा नवरा राखोलीच्या एका कापड कारखान्यात बॉयलर सांभाळायचा आणि मी सिल्वासातल्या सरकारी शाळेत शिकवायचे. धाकटा दीर समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये होता. दोघा भावांचं काम तसं एकच, पाणी तापवायचं आणि वाफ करायची. हे मी एकदा जावेला ऐकवलं तर ती गालात हसली. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

सोव्हिएत रशियात ती अणुभट्टी फुटल्यानंतर देशोदेशीची केंद्रं शहाणी झाली आणि एकमेकांकडे माणसं पाठवू लागली. नव्वदीच्या सुरुवातीला आमचे भावजी जपानला जाऊन आले. परतल्यावर पहिल्याच रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला. जावेकडे मुठीत मावणारी घडीची छत्री होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी रिक्षापासून दारापर्यंत ती छत्री उघडून आली. मला रुमाल मिळाला. छान आहे म्हटलं आणि आत जाऊन भाजीत जरा जास्तच मीठ टाकलं.

तो रविवार आमच्यासाठी वाईट होता. आदल्या आठवड्यात कारखान्याचा बॉयलर बिघडला होता. आत पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते. पाळी बदलताना नवऱ्यानं ती धुतली आणि तिची खालची चावी उघडायची राहिली. नळी भरलेली दिसत राहिली, आतलं पाणी मात्र संपत गेलं, आणि बॉयलरच्या नळ्या तापून वाकल्या. कुणाला इजा झाली नाही, पण कारखाना बंद पडला. सोमवारी साहेब चौकशी करणार होते. गुजराती सुपरवायझरनं वाटही दाखवून ठेवली होती, "तमे चिंता करू नका. फायरमनचं नाव घ्या, वात खतम." भट्टीत कोळसा टाकणारा हा फायरमन धुळ्याकडचा, नरोलीत भाड्याच्या खोलीत बायकोमुलांसह राहणारा. मला त्याची दया येत होती, पण नवऱ्याची नोकरी जास्त प्यारी होती.

भावजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते रंगात येऊन सांगत होते. तिथे हुबेहूब कंट्रोल रूमसारखी एक खोली असते, तिच्यात मुद्दाम अपघात घडवतात. माणूस चुकला तर थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. मग संध्याकाळी सगळे देश एकत्र बसून आपापल्या केंद्रातल्या चुका सांगतात.

"आणि चुकणाऱ्याचं काय करतात?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही, दादा. कुणी केलं ते विचारतच नाहीत. कसं झालं ते विचारतात. मी माझी स्वतःची चूक सांगितली, तर कोरियाचा एक जण म्हणाला, आमच्याकडेही हेच झालं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक करून हा विमानात बसतो, चारचौघांत ती मिरवतो, वर छत्री घेऊन येतो. माझ्या नवऱ्याची चूक मात्र गिळायची, नाहीतर दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची. मी ताटं जरा आपटूनच उचलली.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "मी खरं सांगणार उद्या."

"तुम्ही जपानात नाही, राखोलीत आहात," मी म्हटलं.

त्यानं सांगितलंच. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहाही पाजला, आणि संध्याकाळी कामावरून काढलं. फायरमन राहिला. नवऱ्याला पुढे कुठल्याच कारखान्यानं बॉयलरजवळ उभं केलं नाही. सायलीच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम मिळालं, तेच त्यानं धरून ठेवलं. भावजी मात्र चढत गेले. परदेशच्या फेऱ्या झाल्या, नव्या ऑपरेटरांना शिकवायचं कामही मिळालं. जाऊ बोलायला लागली की मला भांडी घासायची आठवण व्हायची.

काही वर्षांनी असेच एका परिषदेहून आले आणि जेवता जेवता भावजी म्हणाले, "दादा, या वेळी तुझी गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. नळीची, चावीची, आणि तू जाऊन खरं सांगितलंस त्याची."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "मग?"

"सगळ्यांनी उतरवून घेतली. एका बाईनं विचारलं, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"काय सांगितलंस?"

भावजी ताटात बघत म्हणाले, "म्हटलं, कंपनीनं त्याला नव्या मुलांना शिकवायला ठेवलंय."

मग नवरा म्हणाला, "बरं केलंस," आणि त्यानं भात मागून घेतला.

इतकी वर्षं मी जावेवर जळत आले होते. त्या दुपारी ती समोर बसली होती आणि मला तिचं काही वाटेना. तिकडे परदेशात, त्या लोकांच्या डोक्यात, माझा नवरा अजून कामावर होता. मुलं त्याला सर म्हणत असणार. त्याला बायकोही असणार. मला तिचा हेवा वाटला.