खालच्या फळीवरची रिकामी जागा

बसस्टँडच्या तिकीट खिडक्या संपल्या की डावीकडे एक बुटकी खिडकी लागते. वर पाटी आहे, 'हरवले-सापडले'. आत सत्तावीस वर्षं एकच बाई बसते आणि सगळा स्टँड तिला सापडलेबाई म्हणतो. हरवलेबाई कुणी म्हणत नाही, कारण तिच्या हातून एकही वस्तू कधी भलत्याच माणसाकडे गेलेली नव्हती.

वस्तू परत द्यायची बाईंची एक रीत होती. कुणी आला आणि म्हणाला, माझी छत्री राहिली, काळी, की बाई विचारत, "खोड सांगा." रंग काय, चोरसुद्धा सांगतो. पण एक काडी दाबून धरल्याशिवाय छत्री मिटत नाही, पर्सची चेन अर्ध्यावर आली की रुसून बसते, हे फक्त वापरणाऱ्यालाच माहीत असतं. खोड सांगितली की वस्तू बाहेर. नाही सांगितली तर समोर साहेब असो की साहेबाचा मेव्हणा, बाई ढिम्म हलत नसत.

ही नोकरी कशी लागली ते बाई हौसेनं सांगत. लेक दीड वर्षाची होती. यजमान लिफ्ट बसवणारे मिस्त्री, त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात. ते दूरच्या एका गावी नव्या इमारतीच्या कामावर गेले आणि तीनेक आठवड्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. बॅग बसमध्ये राहिली म्हणाले. चांगली तपकिरी बॅग होती, बाईंच्या माहेरची, तुटलेला पट्टा बाईंनी स्वतः दाभणानं शिवलेला. बाई लेकीला कडेवर घेऊन रोज या खिडकीशी यायच्या, आली का, आली का म्हणून. तेव्हा इथे एक म्हाताऱ्या बाई बसत. त्यांनी महिनाभर हे पाहिलं आणि निवृत्त होताना साहेबांना सांगून गेल्या, की माझ्या खुर्चीत हिलाच बसवा, इतकं चिवट माणूस पुन्हा मिळायचं नाही. बॅग गेली, पण घराला नोकरी देऊन गेली, असं बाई म्हणत आणि मनापासून हसत.

बॅगेची आशा मात्र त्यांनी सोडली नव्हती. मागच्या खोलीत छपरापर्यंत फळ्या होत्या, त्यांच्यावर लोकांच्या विसराळूपणाचा डोंगर. पण सगळ्यात खालच्या फळीवर कोपऱ्यात हातभर जागा त्या मोकळी ठेवत. तिथे कुणाला चप्पलसुद्धा ठेवू देत नसत. आणि रोज संध्याकाळी कामावरून परतताना लिफ्टवाले खिडकीशी थांबत, गजांतून वाकून विचारत, "बाई, माझी बॅग सापडली का हो?" बाई म्हणत, "शोध चालू आहे, उद्या या." मग खिडकी लावून दोघं घरी जात. स्टँडवरच्या लोकांना हा संवाद पाठ होता. नवराबायको असावीत तर अशी, असं शेजारचा घोषणावाला नेहमी म्हणे.

तर अशा या बाईंच्या हातून जगभरच्या बॅगा गेल्या, पण स्वतःची बॅग भरून त्या कधी कुठे गेल्या नाहीत. लेकीला ते खुपत होतं. ती आता कमावती झाली होती. तिनं एक दिवस जाहीर केलं, की आईबाबांनी शेजारच्या देशात जाऊन यायचं, खर्च माझा. दोघांचे पासपोर्टही तिनंच काढवून घेतले. फक्त रजा बेताची, त्यामुळे शहर एकच बघता येणार. एकतर राजधानी, नाहीतर तिथलं बंदराचं शहर. काय ते ठरवा म्हणाली.

बाईंचं ठरलेलंच होतं. बंदर. त्या बंदराच्या नावाची चिकटपट्टी लावलेल्या किती पेट्या त्यांनी उचलून ठेवल्या होत्या, त्या पट्टीवर बोट फिरवत किती दुपारी काढल्या होत्या. लिफ्टवाल्यांचा प्रश्नच नव्हता. हा माणूस जन्मभर नाकासमोर चाललेला. दोन शर्ट पुढे धरले तर म्हणायचा, तू सांगशील तो.

पण यावेळी गडी अडून बसला. राजधानीच, म्हणाले. तिथे राजवाडा आहे, रुंद रस्ते आहेत, बागा आहेत. बंदरात काय ठेवलंय, घाण पाणी आणि चढ. तुझे गुडघे दुखतात. लेकीला मोठी मजा वाटली, की बाबांना मत आहे तर! बाईंनाही आधी गंमत वाटली आणि मग जरासा रागही आला, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं होतं.

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती बाबांचं मन वळवायचंच म्हणून. तिनं फोनवर बंदराच्या शहराची एक चित्रफीत लावली. तिथे खालच्या बाजारातून वरच्या वस्तीत न्यायला एक जुनी सार्वजनिक लिफ्ट आहे, लोखंडी जाळीची, डोंगराच्या अंगाला चिकटून उभी. कुणीतरी ती लांबून टिपली होती. लिफ्ट लोण्यातून सुरी जावी तशी वर चालली होती. लेक म्हणाली, "बाबा, निदान हिच्यासाठी तरी चला. तुमच्या जातीची आहे."

लिफ्टवाल्यांच्या हातात चहा होता. सवयीनं बोलून गेले, "दिसते तेवढी सरळ नाही ती. वर पोचता पोचता डावीकडे गचका खाते. नवा माणूस हटकून जाळीवर डोकं आपटतो."

लेक खो खो हसली. बाबांना लिफ्ट नुसती बघून तिचं दुखणं कळतं, म्हणाली. लिफ्टवालेही हसले, पण जरा उशिरा हसले, आणि कप तसाच ठेवून मोरीत हात धुवायला गेले.

बाई हसल्या नाहीत. रंग कुणीही सांगतो. या माणसानं खोड सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेल्या, पण त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्या स्वतःलाच समजावत होत्या. मिस्त्री माणूस आहे, बोलला असेल अंदाजानं. पण डावीकडे? आणि जाळीवर डोकं? चित्रात तर आतलं काहीच दिसत नव्हतं. मग राजधानीचा तो हट्ट आठवला, चोराच्या मनात चांदणं असतं तसा. मग ते तीन आठवडे आठवले. तेव्हा शेजारच्या देशात कामाला जायचं तर ठेकेदाराचं पत्र पुरत असे, पासपोर्ट कोण विचारतो. एवढं सगळं एकमेकांत बसत चाललं होतं, तेवढ्यात समोर एक गृहस्थ येऊन म्हणाला, माझी छत्री, काळी. बाईंनी उठून छत्री दिली.

तासाभरानं एक शिक्षिका आली. तिनं छत्री सांगितली, आणि न विचारता खोडही सांगितली, की मूठ ढिली आहे, उजवीकडे फिरवली की हातात येते. बाईंनी फळी पाहिली. काळ्या छत्रीची जागा रिकामी. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. घोषणावाला बघतच राहिला. बाई, बरं नाही का तुम्हाला, म्हणाला. बाईंनी शिक्षिकेची माफी मागितली आणि आपली स्वतःची छत्री तिच्या हातात ठेवली.

संध्याकाळी लिफ्टवाले नेहमीसारखे आले. गजांतून वाकून म्हणाले, "बाई, माझी बॅग सापडली का हो?"

"सापडली," बाई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच राहिलं. "कुठे?"

"वरच्या वस्तीत. लिफ्टमधून उतरल्यावर."

बाईंनी अंधारात दगड मारला होता. त्यांना वाटत होतं, आता हे हसतील. काय बाई डोकं चालतं तुझं म्हणतील, आणि मग आपणही हसू, आणि सगळं होतं तिथे येईल. देवा, यांना हसू दे, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं. पण लिफ्टवाल्यांनी हातानं गज धरला. चेहऱ्याचा रंग उतरला होता. मग ते बाजूच्या दारानं आत आले आणि फळ्यांखालच्या स्टुलावर, लोकांच्या थैल्यांच्या गराड्यात बसले.

बाईंना वाटलं होतं, दुसरी बाई असेल. तशी त्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती. तशी दुसरी कुणी नव्हती. लिफ्टवाल्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. दूरच्या गावचं काम खोटं होतं. बंदरात लिफ्टची कामं खूप निघाली होती, ठेकेदार माणसं नेत होता, तेही गेले. वरच्या वस्तीत चौघांत एक खोली होती. काम चांगलं होतं, जागा चांगली होती, तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीत? मी काय अडवलं असतं?"

"तू अडवलं नसतंस."

"मग आम्हाला नंतर बोलावणार होतात. होय ना?"

हा प्रश्न बाईंनी फार सोपा करून विचारला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. खोटं म्हटलं असतं तरी त्यांनी आनंदानं पदरात घेतलं असतं. पण याच माणसाला त्या दिवशी खरं बोलायची बुद्धी सुचली.

"नाही," लिफ्टवाले म्हणाले.

बाहेर कुठलीशी बस सुटत असल्याची घोषणा झाली. बाईंना ती ऐकू आली आणि तिचा अर्थ कळला नाही. दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन, रोज, उन्हातून, या खिडकीशी आपण काय शोधत होतो? आख्खा नवरा हरवला होता आणि आपण बॅग विचारत होतो. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात, इथे तर काखेतला कळसाच पळून गेला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"मग आलात कशाला?"

ते त्यांनाही नीट सांगता येईना. एकदा काम संपवून लिफ्टनं वर चालले होते. वर पोचले, गचका बसला, दार उघडलं, माणसं उतरली. हे उतरलेच नाहीत. तसेच खाली आले आणि स्टेशनवर गेले. बॅग खोलीत राहिली. "वर आणायला गेलो असतो तर राहिलो असतो," एवढंच म्हणाले.

"आणि रोज इथे येऊन माझी थट्टा करायचात ती?"

"थट्टा नव्हती गं. पहिल्यांदा खरं सांगायलाच वाकलो होतो खिडकीत. तोंडातून ते आलं. तू हसलीस. मग रोज तेच आलं."

बाईंनी उठून खिडकी लावली, कुलूप घातलं. दोघं घरी गेले, पण रस्ताभर मध्ये एका माणसाची जागा सोडून चालले. वाईट याचं वाटत होतं, की माणूस वाईट नव्हता. सत्तावीस वर्षं त्यानं संसार केला, आजारपणं काढली, लेकीला शिकवलं. ते सगळं खरं होतं. आणि त्याला आम्ही नको होतो, तेही खरं होतं. दोन्ही एका डोक्यात कशी ठेवायची, ते बाईंना कळेना.

सकाळी कामावर आल्या आल्या बाईंनी पदर खोचला. नव्यानं आलेल्या दोन छत्र्या, एक हेल्मेट आणि कुणाची तरी फुटकी पाण्याची बाटली उचलली आणि खालच्या फळीवर कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवली. घोषणावाला दारातून पाहत होता. बाई, ती जागा तर तुमची, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि बाईंचा चेहरा पाहून मिटलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिकिटं आज काढायला हवीत, म्हणाली. बाबा काय म्हणतात? राजधानीच ना शेवटी?

"बंदर," बाई म्हणाल्या.

"अरे वा. वळले का बाबा?"

"तिकिटं दोनच काढ. एक माझं, एक तुझं. तुला रजा मिळेल ना?"

लेक गोंधळली. असं कसं, ही तुम्हा दोघांची सहल आहे, बाबांना घरी ठेवून आपण दोघी कशा जाणार, म्हणू लागली. बाईंनी तिला बोलू दिलं. खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला होता, काहीतरी हरवलेला. त्याला त्यांनी हातानं थांबायची खूण केली.

"आई, बाबांचं काय?"

"बाबांचं ते शहर बघून झालंय," बाई म्हणाल्या. "बघायचं राहिलंय ते आपलं."