उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाची पडताळणी

ती चौकशी अजून माझ्या लख्ख लक्षात आहे. पोलीस खात्यातली नोकरी मी लवकर सोडली. पण ज्याला संशयावरून बोलावलं, त्याच्याबद्दल इतका आदर घेऊन खुर्चीवरून उठण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली.

नेवासा तालुक्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे परदेशाशी संबंध असलेला प्रत्येक कागद माझ्याच टेबलावर यायचा. सोनईजवळच्या एका वैमानिकाचा पोलीस क्लिअरन्सचा, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज असाच आला. परदेशातल्या एका विमान कंपनीचं कंत्राटी काम सुटून तो घरी आला होता. दुसऱ्या देशात नवं काम ठरलं होतं, पण महिनाअखेरपर्यंत दाखला पोचला नाही तर तेही जाणार होतं.

पडताळणी चालू असतानाच टपालाने एक निनावी अर्ज आला. हा माणूस कंपनीचे कागद चोरून पळून आला आहे, त्याला दाखला देऊ नये, असा मजकूर होता.

आमचे हवालदार गावात विचारपूस करून आले.

"मॅडम, मानूस लई शांत हाय. आमी गेल्तो तवा गोठ्यात शेन काढत हुता. म्या म्हनलं, पायलटसाहेब, ह्याला गियर कुठं हाय? तर नुसता हसला."

"अर्ज भाऊबंदांपैकी कोणी केला असेल?"

"भाऊबंदानं लिवला आसता तर पयला बांध आला आसता. ह्यात बांधाचं नावच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैमानिक वडिलांना घेऊन आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट. वडील उभेच राहिले. "पोरानं काय केलं आसंल तर सांगा, मीच हजर करतो त्याला."

"अण्णा, तुम्ही बसा," तो म्हणाला.

प्रत्येक प्रश्नानंतर तो थोडा थांबे आणि विचारलं तेवढंच सांगे. कागदांचं विचारलं तेव्हा त्याने एक कार्बन प्रत टेबलावर ठेवली.

"हा कागद मीच लिहिलेला आहे. प्रत कॅप्टनकडेच राहते."

विमानात बिघाड दिसला की कॅप्टनने तो वहीत नोंदवायचा असतो. दुरुस्ती होऊन इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान हलवता येत नाही. उजव्या चाकाच्या ब्रेकमधून तेल गळत होतं, ते त्याने लिहिलं. प्रवासी आत बसलेले होते. कंपनी म्हणाली, पान फाडा, आत्ता जाऊन या, आल्यावर बघू. त्याने नकार दिला. संध्याकाळपर्यंत कंत्राट रद्द झालं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली. मी रुजू झाल्यापासून पासपोर्ट त्यांच्याकडेच होता. खोलीही त्यांचीच, ती लगेच काढून घेतली. कंत्राटी माणसाच्या बाजूने बोलायला तिथं कोणी नसतं. एका मेकॅनिकने त्याच्या घरी झोपायला जागा दिली."

"मग पासपोर्ट कसा मिळाला?"

"रोज गणवेश घालून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचो. उघडल्यापासून बंद होईपर्यंत. सतराव्या दिवशी दिला."

एसटीची वाट पाहिल्याचं सांगावं तसं त्याने हे सांगितलं. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"फोनवर तर म्हनायचास, सुट्टी हाय."

"सुट्टीच होती, अण्णा."

माझा विश्वास बसला होता, पण विश्वास अहवालाला जोडता येत नाही. मी निनावी अर्ज पुन्हा वाचला. त्यात त्याचा कर्मचारी क्रमांक होता. वडिलांनासुद्धा ठाऊक नसलेला क्रमांक. तो फक्त कंत्राटावर होता, आणि कंत्राट करून देणारा एजंट नगरमध्ये बसत होता.

एजंटला बोलावलं. "मला काय माहीत मॅडम, गावात शत्रू काय कमी असतात?" असं म्हणून तो आरामात बसला. मी निनावी अर्ज आणि कंत्राट शेजारी-शेजारी ठेवले आणि क्रमांकाखाली बोट ठेवून गप्प राहिले. बोलणं मला तसंही जमत नाही. तो सावरून बसला आणि म्हणाला, "कंपनीनं सांगितलं होतं. तो बिघाडाचा कागद हा कुठं दाखवील म्हणून. काम अडलं की गप्प बसेल, असं त्यांचं म्हणणं." त्याचा जबाब नोंदवून सही घेतली.

प्रभारी अधिकारी म्हणाले, "फाईल तूर्त प्रलंबित ठेवा. उद्या दूतावासाकडून काही आलं तर मान तुमची अडकेल."

"सर, तोवर महिना संपेल."

मी 'प्रतिकूल काही आढळले नाही' असं लिहिलं, सही केली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचून पुढे पाठवला.

दाखला मिळाल्यावर तो भेटायला आला.

"नव्या ठिकाणीही पासपोर्ट मागितला तर?"

"झेरॉक्स देईन," तो म्हणाला.

घडलेल्या गोष्टीचा पुरावा शोधायला आम्हाला शिकवलं जातं. पण एखाद्याने जे घडू दिलं नाही, त्याचा ना पंचनामा होतो, ना साक्षीदार मिळतो. हे मला या चौकशीने शिकवलं. त्या विमानातल्या लोकांचं पुढे काय झालं, हेही मी त्याला विचारलं होतं.

"सगळ्यांना उतरवलं. फार चिडले होते. एक बाई कडेवर मूल घेऊन जिन्यापाशी थांबली आणि म्हणाली, आमचा आख्खा दिवस वाया घालवलात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सॉरी म्हणालो."